‘मे आय गो टु टॉयलेट’च्या पुढचं इंग्रजी

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या ओसरीवर संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग भरतो. पाचवी ते आठवीची चौदा-पंधरा मुलं असतात. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेच्या पाटीवर ‘इंग्लिश मीडियम’. नवीन मूल आलं की मी दोन-चार साधे प्रश्न विचारते. ‘माय नेम इज’ पाठ असतं, ते येतं. त्यानंतर पायाच्या अंगठ्याने फरशी उकरणं सुरू होतं. सोबत आलेली आई म्हणते, ‘समजतं हो त्याला सगळं, बोलतच नाही.’ आणि अर्ध्या तासाने तेच मूल करंगळी वर करून खणखणीत आवाजात विचारतं, ‘मे आय गो टु टॉयलेट, काकू?’

या वाक्यावर मी फार विचार केला आहे. हसू नका. मराठीत ‘मी जाऊ का?’ म्हटलं की झालं, शेवटी ‘का’ चिकटवायचा. इंग्रजीत ‘मे’ला उडी मारून ‘आय’च्या पुढे जाऊन उभं राहावं लागतं. आमच्या मुलांना हा नियम कुणी समजावलेला नसतो, तरी ती चुकत नाहीत. ‘टॉयलेट’च्या आधीचा ‘द’ मात्र गळलेला असतो. तो गळला म्हणून कुणी हसत नाही, कुणी थांबवून दुरुस्त करत नाही, आणि काम होतं.

म्हणजे मूल बोलायला काय लागतं ते या एका वाक्यात सापडतं. सांगण्याची गरज खरी असते. आपण सांगेपर्यंत ते समोरच्याला कळणार नसतं. आणि चुकलं तरी फार काही बिघडत नाही. ‘इंटरॲक्टिव्ह ॲक्टिव्हिटी’ हा जो शब्द हल्ली प्रत्येक शाळेच्या माहितीपत्रकात असतो, त्याचा अर्थ माझ्या लेखी एवढाच, की वर्गात अशी परिस्थिती मुद्दाम उभी करायची. टाळ्या, गाणी, रंगीत कार्डं असली तर छान, नसली तर अडत नाही.

आता आपण वर्गात एरवी काय करतो ते पाहा. पेन उचलायचं आणि विचारायचं, ‘व्हॉट इज धिस?’ मुलं कोरसमध्ये म्हणणार, ‘धिस इज अ पेन.’ पेन आहे हे बाईंना माहीत आहे. बाईंना माहीत आहे हे मुलांनाही माहीत आहे. घरात सासूने सुनेला पेला दाखवून ‘हे काय आहे?’ असं विचारलं तर सून काळजीत पडेल! भाषा शिकवण्याच्या अभ्यासात अशा प्रश्नांना वेगळं नाव आहे, आपण त्यांना ‘दाखवायचे प्रश्न’ म्हणू. ते अगदी निरुपयोगी नसतात, शब्द पक्के होतात. पण दिवसभर तेवढेच चालले तर मूल पहिल्या आठवड्यात ओळखतं, की इथे बोलणं म्हणजे परीक्षा देणं.

याच्या उलट टोकाचा मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला. इंग्रजी शिकवण्याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांमध्ये इंग्रजीचे तास वेगळ्या रीतीने चालवून पाहिले. ‘बंगलोर प्रकल्प’ या नावाने तो जगभर ओळखला जातो. व्याकरणाचा क्रम ठरवून शिकवण्याऐवजी मुलांना कामं द्यायची. गाड्यांच्या वेळापत्रकातून हवी ती माहिती शोधा, नकाशा वाचून वाट काढा, अशी. मन अर्थात गुंतलं की भाषा पाठीमागून येते, असा त्यांचा भरवसा होता. या कामांच्या मुळाशी त्यांनी ‘दरी’ पाहिली. एकाकडे माहिती आहे, दुसऱ्याकडे नाही, ही माहितीची दरी. हाती असलेल्या गोष्टींवरून जे उघड लिहिलेलं नाही ते ताडायचं, ही तर्काची दरी. आणि आपल्याला काय वाटतं ते सांगायचं, ही मताची दरी. दरी असली की पूल बांधावा लागतो, आणि इथे पूल बांधायला शब्दच असतात.

मी माहितीच्या दरीपासून सुरुवात केली, कारण तिला खर्च येत नाही. राजवाड्याच्या आसपासचा एक नकाशा हाताने काढला. प्रमाण वगैरे काही नाही, चौकोन आणि रेघा. त्याच्या दोन प्रती केल्या. एका प्रतीत सराफा आणि कृष्णपुरा छत्री यांची नावं लिहिली, खजुरी बाजार आणि नदी कोऱ्या ठेवल्या. दुसऱ्या प्रतीत बरोब्बर उलट. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवली. कागद दाखवायचा नाही, विचारून विचारून आपला नकाशा पूर्ण करायचा.

पहिल्या दिवशी काय झालं सांगू? तीन मिनिटांत सगळ्या जोड्या मोकळ्या. ‘भिया, तेरे में सराफा किधर लिखा है?’ ‘राजवाडे के बाजू में.’ नकाशे अगदी अचूक भरले आणि इंग्रजीचा एक शब्दही खर्च झाला नाही. मुलांची चूक नव्हती. काम सोपवलं होतं, ते त्यांनी सगळ्यात जवळच्या रस्त्याने केलं. इंदूरचं मूल आहे, वळसा कशाला घालेल?

इथे प्रभूंची दुसरी गोष्ट कामी आली, आणि ॲक्टिव्हिटीच्या उत्साहात ती हमखास विसरली जाते. त्यांच्या वर्गात काम थेट मुलांच्या हाती जात नसे. आधी तसंच एक काम शिक्षक सगळ्या वर्गासोबत, प्रश्नोत्तरांतून, इंग्रजीत सोडवत. मग त्याच्यासारखं दुसरं काम मुलांनी करायचं. गटात बसवणं तर प्रभू टाळतच असत. मुलंमुलंच आपसात मोडकं इंग्रजी बोलत राहिली तर ते मोडकंच पक्कं होईल, अशी त्यांना भीती होती. मी इतकी कडक नाही, जोड्या लावतेच. पण पहिली पाच-सात मिनिटं आता फळ्यावर जातात. दुसऱ्याच एका नकाशावर आम्ही सगळे मिळून ‘इज इट नियर द रिव्हर?’, ‘ऑन द लेफ्ट ऑर ऑन द राइट?’, ‘से इट अगेन’ अशी पाच-सहा वाक्यं वापरतो. ती फळ्यावर राहू देते. काम सुरू झालं की मुलं त्या वाक्यांकडे बघत बघत बोलतात, पोहायला शिकणारा काठाकडे बघतो तसं.

मग जी गडबड होते ती ऐकण्यासारखी असते. ‘राइट साइड.’ ‘व्हिच राइट? माय राइट, युवर राइट?’ पाठ लावून बसल्यामुळे एकाचा उजवा तो दुसऱ्याचा डावा, हे मला स्वतःलाही आधी सुचलं नव्हतं. न समजणं, पुन्हा विचारणं, दुसऱ्या शब्दांत सांगणं, ‘अच्छा अच्छा, बिहाइंड!’ असं उजाडणं, या देवाणघेवाणीला मायकल लाँग या अमेरिकी अभ्यासकाने फार महत्त्व दिलं आहे. त्याचं म्हणणं असं, की अडखळण्याच्या त्या क्षणी शिकणाऱ्याचं लक्ष अर्थावर असतंच, पण शब्द कसा बनला आहे तिकडेही वळतं. सगळं सुरळीत समजत गेलं की कान फारसा टवकारला जात नाही.

हिंदी-मराठीवर मी बंदी घातलेली नाही. काय करायचं ते आपसात ठरवायला कुठलीही भाषा चालेल, विचारणं आणि सांगणं मात्र इंग्रजीत, एवढाच नियम. ‘नो हिंदी, नो मराठी, दहा रुपये दंड’ हा प्रकार मी पाहिलेला आहे. त्यातून इंग्रजी बोलणारी मुलं तयार होत नाहीत, मौनी बाबा तयार होतात.

आणि घरची भाषा आड येते हा समज तपासून पाहायला आमची मुलं हे उत्तम उदाहरण आहेत. घरी आईला ती म्हणतात, ‘माझं पुस्तक कुठे आहे?’ आणि खाली मित्राला हाक मारतात, ‘मेरी पुस्तक ले आना!’ पुस्तक मराठीत नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. आत ‘गरम चहा झाला’, बाहेर ‘चाय बन गई’. हिंदीत लिंगं दोन, मराठीत तीन, आणि सात वर्षांचं पोर जिना उतरता उतरता हा हिशोब बदलतं. कुणी त्याचा क्लास घेतलेला नसतो. ज्याच्या डोक्यात दोन भाषांची अशी यंत्रणा चालू आहे, त्याला तिसरी ‘झेपत नाही’ म्हणणं मला पटत नाही. तिसरीसाठी त्याला ऐकायला पुरेसं मिळालेलं नाही आणि बोलायला कारण मिळालेलं नाही.

आणि भीती. ती तर सगळ्याच्या आधी.

भीती समजून घ्यायला इंदूरच्या मराठी माणसाला मानसशास्त्राची गरज नाही. आपण मे महिन्यात पुण्याला मामाकडे जातो. जिन्यातच विचारतो, ‘काय करून राहिला रे?’ आणि मामेभावंडं फिसकन हसतात. ‘करून राहिला’ म्हणे! दुष्टपणा नसतो, पण पुढचे दोन दिवस आपण तोंड उघडायच्या आधी वाक्य मनात जुळवून बघतो. ही तर आपलीच भाषा. तरी जीभ जड होते. मग परक्या भाषेत, तीस-चाळीस जणांसमोर, उभं राहून बोलायचं म्हणजे काय होत असेल?

स्टीफन क्रॅशन या अमेरिकी भाषाअभ्यासकाने १९८२च्या पुस्तकात यासाठी गाळणीची कल्पना वापरली. मनावर ताण असला, आत्मविश्वास खचलेला असला की गाळणी घट्ट होते. कानावर पडलेली भाषा आत पोहोचतच नाही. पुढे १९८६मध्ये इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी भाषेच्या वर्गातली भीती मोजायला ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. परक्या भाषेच्या वर्गातली भीती ही वेगळीच चीज आहे, असं त्यांचं निरीक्षण होतं. गणितात हुशार, खेळात पुढे असं मूलही या एका तासाला गोगलगाय होऊ शकतं. कारण सरळ आहे. परक्या भाषेत आपण आपल्या खऱ्या वयापेक्षा आणि अकलेपेक्षा लहान दिसतो, आणि ते आपल्याला दिसत असतं.

भीती कमी करायचे उपाय मात्र साधे आहेत. अमेरिकेत मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून एक गोष्ट टिपली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात किंवा दुसऱ्याला विचारतात. ज्या शिक्षकांनी तीन सेकंद आणि त्याहून जास्त थांबायची सवय लावून घेतली, त्यांच्या वर्गात उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. ते वर्ग विज्ञानाचे होते, मुलं आपल्याच भाषेत बोलत होती. आमच्या मुलाला तर आधी वाक्य मराठीतून उचलून इंग्रजीत ठेवायचं असतं. मी मनात पाच आकडे मोजते. पहिले काही दिवस ते पाच आकडे पाच मिनिटांसारखे वाटले.

दुसरा उपाय म्हणजे चारचौघांसमोर बोलायच्या आधी शेजारच्याला सांगू द्यायचं. आधी एकट्याने विचार, मग जोडीत, मग सगळ्यांसमोर. फ्रँक लायमन यांनी १९८१मध्ये या पद्धतीला नाव दिलं आणि आता शिक्षकांच्या प्रत्येक शिबिरात ती सांगतात. नव्वद टक्के शिक्षक (आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही) मधला टप्पा अर्ध्या मिनिटात उरकतात. खरा तोच महत्त्वाचा.

चुका सुधारण्याबद्दल मी माझं मत बदललं आहे. पूर्वी मूल ‘यस्टर्डे आय गो’ म्हणालं की मी गोड आवाजात ‘ओ, यू वेंट!’ म्हणायची आणि पुढे जायची. अपमान नाही, सुधारणाही झाली, असं वाटायचं. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७मध्ये कॅनडातले फ्रेंचमधून शिकवले जाणारे वर्ग तपासले तेव्हा शिक्षक सगळ्यात जास्त हेच करताना दिसले, आणि मुलांकडून सगळ्यात कमी प्रतिसाद यालाच मिळत होता. मुलाला वाटतं, बाईंनी माझं म्हणणं मान्य केलं. आता मी नुसती भुवई वर करते किंवा ‘यस्टर्डे, यू...?’ म्हणून सोडते. निम्म्या वेळा ‘वेंट’ तिकडूनच येतं. नाही आलं तर त्या दिवशी मी सोडून देते.

बक्षिसांची गोष्ट मात्र कबूल केलीच पाहिजे, कारण तो घोळ माझाच. जो इंग्रजीत बोलेल त्याला चांदणी, दहा चांदण्या झाल्या की पेन. पहिला आठवडा स्वर्ग. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा ‘गुड इव्हिनिंग’ सात वेळा म्हणून सात चांदण्या मागू लागला. तिसऱ्या आठवड्यात पेनं संपली आणि बोलणंही. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग मी नंतर वाचला. चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. ती मिळालीही. पण पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांचा चित्रांतला रस कमी झाला. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र दिलं त्यांच्यात तसं झालं नाही. बक्षीस आलं की खेळाची मजुरी होते, असा मी त्याचा अर्थ घेते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे याची मांडणी केली. माणसाला आतून हुरूप यायला आपलं आपण ठरवता येणं, जमतंय असं वाटणं आणि आपल्या माणसांत असल्यासारखं वाटणं, या गोष्टी लागतात. म्हणून आता कुठला विषय घ्यायचा यावर मुलं मतदान करतात. खजराण्याच्या गणपतीपेक्षा क्रिकेट नेहमी जिंकतं.

स्पर्धेचंही तेच. प्रश्नमंजूषा ठेवली की तीन मुलं खेळतात आणि बाकीची प्रेक्षक होतात. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसनची तुकड्यांची पद्धत बरी. १९७१मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात वेगवेगळ्या वंशांची मुलं नव्याने एका वर्गात आली आणि भांडू लागली. त्याने धड्याचे तुकडे करून प्रत्येकाला एकेक दिला. पूर्ण धडा हवा तर प्रत्येकाचं ऐकावंच लागणार. भाषेच्या वर्गात ही फिरून माहितीची दरीच होते, आणि सगळ्यात गप्प मुलाच्या तुकड्याशिवाय कुणाचंच पान पुरं होत नाही.

‘तुमच्याकडे पंधरा आहेत, आमच्या वर्गात साठ आहेत,’ असं सरकारी शाळेतल्या माझ्या एका मैत्रिणीने ऐकवलं. तिचं बरोबर आहे. बाकं हलत नाहीत, शेजारच्या वर्गातून तक्रार येते. तिच्यासोबत बसून आम्ही एकच खेळ बसवला, पळतं श्रुतलेखन. चार-पाच वाक्यांच्या उताऱ्याच्या प्रती चारही भिंतींवर लावायच्या. प्रत्येक बाकावरचा एक जण जाऊन एक वाक्य डोक्यात भरतो, परत येऊन जोडीदाराला सांगतो, जोडीदार लिहितो. विसरला तर पुन्हा फेरी. मध्यावर भूमिका बदलायच्या. वाचणं, लक्षात ठेवणं, बोलणं, ऐकणं, लिहिणं, सगळं त्यात आलं. खर्च चार कागद आणि थोडा गोंद. शाळेत ‘पळतं’ऐवजी ‘चालतं’ करावं लागलं, मुख्याध्यापकांच्या मनःशांतीसाठी.

एक सावधगिरी. गप्प मूल म्हणजे कंटाळलेलं मूल, असं नाही. नवी भाषा शिकताना काही मुलं आधी बराच काळ नुसती ऐकतात, तेही शिकणंच असतं. अशांसाठी मी उठा, बसा, खिडकी उघडा, निळी वही डोक्यावर ठेवा असे हुकूम देते. जेम्स ॲशरची ही पद्धत, उत्तर तोंडाने न देता अंगाने द्यायचं. आठवड्यातून एकदा नुसती गोष्ट वाचून दाखवते. ऐकण्याचा साठा हवाच. पण कायम तेवढ्यावरच राहून चालत नाही. कॅनडात वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकलेल्या मुलांना समजायचं उत्तम, बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण मात्र मागे. ते पाहून मेरिल स्वेन यांनी १९८५मध्ये म्हटलं, की मुलांना स्वतः भाषा घडवायची वेळ यायला हवी. बोलायला गेल्यावरच कळतं, आपल्याकडे कुठला शब्द नाही.

पालकांना या सगळ्याचं काय वाटतं? ‘इंग्रजी आलं तर नोकरी मिळेल’ हे ते मुलाला रोज सांगतात. खरंही आहे. पण अकरा वर्षांच्या मुलाला दहा वर्षांनंतरची नोकरी आज संध्याकाळी सहा वाजता हलवत नाही. झोल्तान डर्नेई या अभ्यासकाने यात चांगला फरक केला आहे. ‘मला असं व्हायचंय’ हे चित्र वेगळं आणि ‘मी असं व्हायला हवं, नाहीतर लोक काय म्हणतील’ हे चित्र वेगळं. आपण दुसरं देतो आणि पहिल्याची अपेक्षा करतो.

गेल्या महिन्यात ओसरीवर पळतं श्रुतलेखन चाललं होतं. उतारा पोह्यांवरचा, तुळशी वृंदावनापाशी चिकटवलेला. ‘इन इंदोर, पोहा इज केप्ट वॉर्म ओव्हर स्टीम. पीपल ईट इट विथ सेव्ह, जीरावन अँड जलेबी.’ दोन महिन्यांत एक शब्द न बोललेली मुलगी चार फेऱ्या मारून आली. जोडीदाराने ‘पोहा’मधला ‘एच’ खाल्ला होता. ती ओरडली, ‘नो! एच! राइट एच! बिफोर ए!’ सगळी ओसरी थांबून बघायला लागली. तिला त्याचं काहीच नव्हतं, ती पुढच्या वाक्यासाठी तुळशीकडे पळाली होती.

सात वाजता तिचे बाबा स्कूटर घेऊन आले. मी दारातच होते. त्यांनी विचारलं, ‘आज काय शिकवलं काकूंनी?’

‘काही नाही बाबा,’ ती चपला घालत म्हणाली, ‘आज तर आम्ही नुसतं पळून राहिलो होतो.’